जोखमीच्या मोजणीत कडबा कुठे आहे?

मा. संपादक,

हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०१९ मध्ये देशातील ५७३ ग्रामीण जिल्ह्यांची हवामान-जोखीम मोजली. त्यांतले १०९ जिल्हे अतिजोखमीचे आणि २०१ जास्त जोखमीचे ठरले. निधी कोणत्या जिल्ह्याला आधी द्यायचा, यासाठी ही यादी कामाची आहे. दोन एकर आणि दोन जनावरांच्या घराचे नेमके कुठे अडते, हे मात्र गावात उतरूनच मोजावे लागते आणि घोळ तिथे होतो.

सर्वांत मोठा घोळ जनावरांचा. घरोघरच्या पाहणीत गोठ्यातली संख्या 'जुळवून घेण्याची क्षमता' या रकान्यात जमेला धरतात. बऱ्या वर्षी ते खरे; पण पाऊस हुकला की सगळ्यांचीच जनावरे एकदम बाजारात येतात आणि पडेल त्या भावाने जातात. म्हणून संख्येआधी वैरणीचा हिशेब विचारावा. मोठ्या जनावराला रोज सहा किलो कोरडी वैरण धरली, तर दोघांना ऑक्टोबर ते मे या सुमारे २४० दिवसांत २,८८० किलो लागते. ती घरची किती, विकतची किती? ज्वारी होती तेव्हा कडब्याची, म्हणजे तिच्या वाळलेल्या ताटांची, गंज दारात असे. तिच्या जागी सोयाबीन आले, पण त्याचे भुसकट जनावरे कडब्यासारखे आवडीने खात नाहीत. पाहणीत हा पीकबदल वाढलेले उत्पन्न म्हणून नोंदला जातो, गोठ्यातली तूट कुठेच येत नाही.

सातबाऱ्यावर विहीर दिसली की शेत 'सिंचित' लिहिण्याची सवयही सोडावी. दिवाळीनंतर एकदा आणि मार्चअखेर एकदा, दोरी सोडून पाणी मोजावे. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा सगळ्या शिवाराला एकच असतो; पण पंधरवड्याच्या खंडात माळावरच्या वीतभर मुरमाड जमिनीतले पीक माना टाकते, तर खोल काळीतले तग धरते. ओल असताना पहार ठोकून खोली पाहायला पाच मिनिटे पुरतात. संकरित गायींच्या घरी डेअरीच्या पावत्या मागाव्यात. एप्रिल-मेमध्ये दूध किती घटले, ते त्यांत तारखेनिशी मिळते.

घरे निवडताना नुसती सातबाऱ्याची यादी घेतली, तर बटाईदार आणि शेळ्यांवर जगणारे भूमिहीन आपोआप गळतात.

शेवटी सगळ्या रकान्यांची सरासरी काढून एकच गुण देतात. सारखाच गुण मिळालेल्या दोन घरांत एकाची वैरण तुटत असते, दुसऱ्याची विहीर. पहिल्याला ओला चारा असतानाच मुरघास (हवाबंद साठवून टिकवलेला ओला चारा) भरायला मदत हवी, दुसऱ्याला अस्तर घातलेले शेततळे. तेव्हा ग्रामसभेत बेरजेबरोबर रकानेही वाचून दाखवावेत.

– कोरडवाहू शेती व पशुपालन क्षेत्रातील कार्यकर्ते, मराठवाडा