बोटाच्या टोकावरची शर्यत

पंचवटी, नाशिक
१० सप्टेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

"साठी उलटल्यावर गाड्या-गाड्या काय खेळतोस?" असे तू परवा फोनवर हसत विचारलेस, तेव्हा दूध उतू जात असल्याचे निमित्त करून मी विषय टाळला, पण उत्तर द्यायचे राहिले, म्हणून हे पत्र.

तुला वाटते तशी ही रिमोटची गाडी नव्हे, ही 'स्लॉट कार', म्हणजे खाचेतून धावणारी गाडी. ट्रॅकमध्ये एक खाच असते, गाडीच्या पोटाखालची पात त्या खाचेत बसते, आणि खाचेच्या दोन्ही अंगांना असलेल्या धातूच्या पट्ट्यांवरून घासत जाणाऱ्या, तांब्याच्या बारीक तारा विणून केलेल्या दोन फिती मोटारीला वीज पोहोचवतात. वळायचे कुठे हे खाच ठरवते, आपल्या हाती राहतो फक्त वेग. एवढ्यात काय ते कौशल्य, असे मलाही वाटले होते, आणि त्याच संध्याकाळी नातवाने मला ओळीने चार वेळा हरवले. सरळ रस्त्यावर कंट्रोलरचा खटका दाबणे कोणालाही जमते. वळणाच्या वीतभर आधी बोट सैल करणे, आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जात असताना घाबरून खटका पूर्ण न सोडता किंचित दाब राखणे, हे मला अजूनही दहापैकी सहा वेळाच साधते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या तळाला चुंबक असते, ते पट्ट्यांना धरून ठेवते आणि गाडी वळणावर चिकटून धावते. मी ते काढून टाकले आहे. न घसरणाऱ्या गाडीत मला रस नाही.

या खेळाचे वयही आपल्याएवढेच म्हण ना. इंग्लंडमधील फ्रेड फ्रान्सिस यांची कंपनी 'स्केलेक्स' नावाच्या चावीच्या गाड्या बनवत असे. त्यांना विजेची मोटार देऊन १९५७ साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात त्यांनी 'स्केलेक्स्ट्रिक' मांडले. माझ्या गाड्या १:३२ मापाच्या आहेत, म्हणजे साडेचार मीटरची खरी मोटारगाडी जेमतेम चौदा सेंटीमीटरची होते.

माझा ट्रॅक इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आहे, कारण त्यात आतली लेन पुढच्या वळणावर बाहेरची होते आणि लांबीवरून भांडण उरत नाही. मध्ये आपल्या नाशिकच्या द्वारका चौकातल्या उड्डाणपुलाची आठवण करून देणारा पूल आहे. गेल्या महिन्यात मागच्या आसाला मी हौसेने जास्त तेल घातले, ते टायरवर उडाले, आणि गाडी पुलावरून थेट दिवाणाखाली गेली. खाचेतली पात मोडून कुठे उडाली ते सापडेना, तेव्हा टॉर्च घेऊन मी वीस मिनिटे गुडघ्यांवर होतो, सौ. दारात उभी राहून पाहत होती, पण एक शब्द बोलली नाही, हे विशेष. पावसाळ्यात पट्ट्यांवर गंजाची पुटे चढतात, ती मी शाळेतल्या खोडरबरने घासतो. रविवारी सकाळी खोडरबराचा चुरा झटकून पहिली फेरी काढली, की फितींखाली ठिणगी न उडता गाडी सुळकन निघते, आणि मोटारीचा तो कोवळा, उष्ण वास खोलीत पसरतो.

दिवाळीत येशील तेव्हा निळी गाडी तुझी. पहिल्या पाच फेऱ्या मी मोजणार नाही, सहावीपासून मोजेन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
बालमित्र