आधी दुसरं ऐका, मग पहिलं

पॅरिस, १६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं गाणंबिणं ऐकतेस का नुसती लॅब आणि घर?" मी "ऐकते की" म्हणून विषय बदलला. जे ऐकत होते ते सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला तुम्ही फोन आईच्या हातात दिला असता. पत्र असं मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

जुनी गाणी नव्या ढंगात. झालं, पडली आठी! रिमिक्सवाल्यांना तुम्ही दुकानात बसून ज्या शिव्या घालायचात त्या मला अजून पाठ आहेत. पण जरा थांबा.

माझ्या घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या, खालच्याच मजल्यावर राहतात. माझ्या तानपुऱ्याचा आवाज जमिनीतून खाली जातो. मला वाटलं, तक्रार करायला आल्या. तर त्या दाराशी उभं राहून म्हणाल्या, "थांबवू नका." आता दर शनिवारी कॉफी त्यांच्याकडे. तिथं त्यांनी एक तबकडी लावली. नायलॉनच्या तारांची गिटार, तालाला नुसती कुजबूज, आणि एक बाई कानाशी बोलल्यासारखी इंग्रजीत गात होती. मी शब्दांकडं लक्षच दिलं नाही. म्हटलं, "किती गोड! अगदी अंगाई."

त्या हसल्या नाहीत. उठून दुसरी तबकडी लावली. गाणं तेच, 'लव्ह विल टेअर अस अपार्ट'. पण इथं ढोल धावत सुटलेला आणि पुरुषाचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. हा इयन कर्टिस, इंग्लंडातल्या मँचेस्टरकडच्या 'जॉय डिव्हिजन' या बँडचा गायक. मोडत चाललेल्या संसाराचं हे गाणं त्याचं स्वतःचं. १८ मे १९८० रोजी त्यानं आत्महत्या केली, वय २३. पुढच्या महिन्यात गाण्याची तबकडी बाजारात आली. त्याच्या समाधीच्या दगडावर हेच शब्द कोरलेत. आणि मी त्याला अंगाई म्हणून बसले होते! कपातली कॉफी संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

पहिली तबकडी होती 'नूव्हेल व्हाग' या फ्रेंच मंडळींची. मार्क कोलाँ आणि ऑलिव्हिए लिबो या दोघांनी ही टोळी जमवली, २००४ साली पहिला अल्बम काढला. नावातच सगळी गंमत आहे. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ नवी लाट. इंग्लंडात 'पंक' या बंडखोर संगीताच्या मागोमाग आलेल्या त्या आदळआपट गाण्यांनाही 'न्यू वेव्ह' म्हणजे नवी लाटच म्हणायचे. ब्राझीलमधल्या 'बोसा नोव्हा' या संगीताच्या नावाचाही अर्थ जवळपास तोच. आणि इथला १९६०च्या आसपासचा नवा सिनेमा, तोही याच नावाचा. ह्यांनी काय केलं, तर इंग्लंडातली लाट उचलून ब्राझीलच्या किनाऱ्यावर नेऊन सोडली. ब्राझीलचं वेड फ्रेंचांना जुनंच. मार्सेल काम्यू या फ्रेंच दिग्दर्शकानं रिओत केलेल्या 'ऑर्फेऊ नेग्रो'ला १९५९ साली 'कान' चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि बोसा नोव्हा जगभर पोचायला त्या चित्रपटाचा मोठा हात लागला.

आता तुमच्या कामाची गोष्ट. गायला घेतलेल्या बऱ्याच मुलींनी मूळ गाणी ऐकलेलीच नव्हती, आणि कोलाँला नेमकं तेच हवं होतं. ऐकलं असतं तर नक्कल झाली असती. तुम्हीसुद्धा नव्या पोराला घोडी घासून जवारी काढायला शिकवताना आपला तयार तानपुरा आधी वाजवून दाखवत नाही. "माझा सूर कानात घेऊन बसशील," म्हणता. तसंच.

आपल्याकडं नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' छापलेलं असतं. चाल जुनी, शब्द नवे, आणि त्याला कुणी चोरी म्हटलं नाही. इथं उलटं आहे. शब्द जुने, सूरही बराचसा जुनाच, बदलला तो फक्त बाज. तानपुऱ्याच्या घोडीवरचा दोरा केसभर सरकवावा आणि तीच तार वेगळी बोलायला लागावी, इतकंच. 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' हे 'द क्लॅश' या इंग्लिश बँडचं १९७९चं गाणं घ्या. पोलीस दारावर लाथ घालतील तेव्हा तू कसा बाहेर येशील, असं विचारणारं. मूळ गाण्यात धमकी ऐकू येते. इथं कामिय नावाची गायिका तोच प्रश्न इतक्या हळू विचारते की अंगावर काटा येतो. ओरडणाऱ्यापेक्षा हळू बोलणाऱ्या माणसाची भीती जास्त, हे आपल्या मिरजेच्या गल्लीत वाढलेल्याला सांगायला नको.

सगळंच काही असं नाही हं. काही गाणी हॉटेलात सूप येईपर्यंत वाजणाऱ्या संगीतासारखी निघून जातात. 'डिपेश मोड' या इंग्लिश बँडचं एक तर मला मुळातच इतकं हलकंफुलकं वाटलं की ते आणखी हलकं करून मिळवलं काय, कळेना. पण २००९च्या तिसऱ्या अल्बमात त्याच डिपेश मोडचा मार्टिन गोर आपल्याच गाण्याच्या ह्यांच्या नव्या अवतारात गायला आला. मालकाचीच हरकत नाही, तर तुमची का?

लिबो २०२१ मध्ये गेला. कोलाँनं काम चालू ठेवलंय. बाई मात्र अजून जॉय डिव्हिजनचंच खरं मानतात. ही फ्रेंच तबकडी त्यांच्या मुलीनं आणलेली, पाहुणे आले की लावायची. एकट्या असल्या की दुसरी.

दादाच्या फोनवर दोन्ही पाठवली आहेत. आधी दुसरं ऐका, मग पहिलं, माझ्यासारखी फजिती होणार नाही. शिव्या घालायच्या तर दोन्ही ऐकून घाला. आईला सांगा, मेथकूट पोचलं, पुडी फुटली होती, पण सांडलं ते पिशवीतच.

तुमची,
धाकटी

ता. क. हीटरमुळं खोलीची हवा फार कोरडी झालीय. तानपुऱ्याच्या भोपळ्याला गळ्याच्या खाली बोटभर चीर दिसतेय, आवाज अजून ठीक आहे. तशीच राहू देऊ का काही लावू? फोटो दादाला पाठवलाय. तोवर रेडिएटरवर पाण्याचं पातेलं ठेवते आहे, खालच्या बाईंनी दिलंय.