मेसन 'शेतकरी' नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेची राज्यघटना घडवणाऱ्या १७८७ च्या परिषदेतला व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जॉर्ज मेसन, त्याच्यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. मांडणी सुबक, चित्रही झकास. पण मेसनला 'व्हर्जिनियाचा शेतकरी नेता' म्हणणं म्हणजे मळ्याच्या मालकाला सालगडी ठरवण्यापैकी झालं. हजारो एकरांवर तंबाखू काढणारा, पोटोमॅकच्या काठी गन्स्टन हॉलसारखा वाडा बांधणारा आणि राबायला गुलाम ठेवणारा तो 'प्लँटर'. तिथल्या विधिमंडळात अशांचीच चलती होती.

त्याहून डोक्यात गेलं ते 'गुलामगिरीच्या निषेधार्थ त्याने राज्यघटनेवर सही नाकारली' हे वाक्य. लेखकमहाशयांनी मेसनचे आक्षेप एकदा उघडून पाहिले असते तर बरं झालं असतं. मसुद्याच्या छापील प्रतीच्या पाठीवरच त्यानं ते लिहिले आणि सुरुवातच केली ती 'हक्कांची सनद नाही' इथून. १२ सप्टेंबर १७८७ रोजी परिषदेत मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरीनं सनदेची मागणी मांडली, मेसननं अनुमोदन दिलं, पण एकाही राज्याचं मत बाजूनं पडलं नाही. पाच दिवसांनी सही न करणाऱ्यांत हे दोघे आणि व्हर्जिनियाचाच एडमंड रँडॉल्फ.

लेखात साफ गाळलेला आक्षेप व्यापाराचा आहे. जहाजवाहतुकीचे कायदे साध्या बहुमतानं करू नयेत, दोन-तृतीयांश मतं लागावीत, असा त्याचा हट्ट होता. तंबाखू दक्षिणेचा, जहाजं उत्तरेची. उत्तरेकडच्यांच्या हाती बहुमत गेलं की ते भाडं अव्वाच्या सव्वा लावणार आणि माल स्वतः ठरवतील त्या भावानं उचलणार, ही त्याची भीती. इथं बोलतोय तो मळेवालाच!

गुलामांच्या आयातीचा मुद्दा त्या यादीत आहे, पण पार शेवटाकडे. १८०८ पर्यंत ती बंद करता येणार नाही याची त्याला चीड होती, हे मान्य. मात्र जून १७८८ मध्ये रिचमंडला, घटना मंजूर करायची का हे ठरवणाऱ्या व्हर्जिनियाच्या सभेत, त्या तरतुदीवर तोंडसुख घेताना, आधीपासून असलेल्या गुलामांची मालकी सुरक्षित करणारं कलम का नाही, हेही त्यानं त्याच दमात विचारलं. स्वतःचे गुलाम त्यानं मृत्युपत्रातही मुक्त केले नाहीत. लेखात याबद्दल चकार शब्द नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया पुरवणीतच छापा. मागच्या वेळची सातव्या पानावर, निविदांच्या खाली, भिंग लावून वाचावी लागली होती.

आपला,
एक नियमित वाचक