आईच्या रिपोर्टवरची 'आर'ची रांग

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. पत्र खुलं लिहितोय, कारण बंद पाकिटांचं आपल्या खात्यात काय होतं ते ठाऊक आहे.

आई खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली. हाड जुळलं, ती मात्र जंतुसंसर्गानं गेली. कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टवर क्लेबसिएला नावाचा जंतू, आणि औषधांच्या नावांसमोर वरपासून खालपर्यंत 'आर'. म्हणजे औषध चालत नाही. उरलं कोलिस्टिन, शेवटचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक. ते सुरू केलं आणि किडन्यांनी हात टेकले. हेच कोलिस्टिन 2019 मध्ये बंदी येईपर्यंत आपल्याकडे कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात घालत होते. कोंबड्या गुटगुटीत झाल्या असतील, अभिनंदन!

शेजारच्या खाटेवरच्या काकांचा जंतू वेगळा, ई. कोलाय. 'आर'ची रांग मात्र हुबेहूब. औषधाला दाद न देण्याचं एकाचं जनुक दुसऱ्यात गेलं का, असं डॉक्टरांना विचारलं. "जाऊ शकतं. पण बघायची सोय कुठाय इथं?"

सोय आहे, साहेब. काचेच्या पट्टीवर अशा प्रतिरोधी (औषधाला दाद न देणाऱ्या) जनुकांचे शेकडो ठिपके बसवतात, जंतूचा डीएनए रंगवून त्यावर सोडतात, आणि जे जनुक असेल त्याचा ठिपका चमकतो. हाच डीएनए मायक्रोॲरे. दोन निराळ्या जंतूंत तेच ठिपके चमकले की संशय घ्यायचा, की प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसून जनुक इकडून तिकडे गेलं; मग सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचं अक्षरन् अक्षर वाचन, करून खात्री करायची. काही वर्षांपूर्वीचं नाही, वीसेक वर्षांपूर्वीचं तंत्र आहे हे.

पण आपल्याला जनुकापेक्षा अब्रूची काळजी. 2010 मध्ये एनडीएम-1 हे नवी दिल्लीच्या नावाचं प्रतिरोधी जनुक गाजलं, तेव्हा सरकारला मिरची झोंबली ती नावातल्या नवी दिल्लीची. 2011 मध्ये दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 आणि नळाच्या 50 पैकी 2 नमुन्यांत ते सापडलं, पटकी आणि हगवणीच्या जंतूंतसुद्धा. तेव्हाही आपण संशोधकांवरच डाफरलो. 2017 मध्ये प्रतिरोधी जंतूंविरुद्धचा राष्ट्रीय आराखडा आला. केरळनं 2018 मध्ये स्वतःचा केला. बाकी बऱ्याच ठिकाणी बैठका, बिस्किटं, फोटो!

आईच्या दाखल्यावर कारण काय लिहिलंय? 'हृदयक्रिया बंद पडून.' मरताना कोणाची चालू राहते? 2019 मध्ये जगात पावणेतेरा लाखांच्या आसपास माणसं या प्रतिरोधी जंतूंनी मेली म्हणतात. आमच्यासारखे दाखले बघता त्यात आपले किती मोजलेच नसतील, ते तुम्हीच काढा. माणसं तुमच्याकडे आहेत.

मागणी एवढीच: विभागीय प्रयोगशाळांत जनुक-तपासणी, दवाखान्यांच्या आयसीयूंतल्या अशा संसर्गांचे आकडे लोकांसमोर, आणि दाखल्यावर खरं कारण. 'उचित कार्यवाहीसाठी वर्ग' असा शेरा मारून हे पत्र त्याच दवाखान्याकडे पाठवू नये.

आपला,
एक करदाता