घड्याळ खिशातच राहिलं

एटापल्ली

प्रिय सुम्या,

एक्सरे नाही, लॅब नाही, मग तापाची पोरं बघतोस तरी कशानं, असं तू विचारलंस. घड्याळानं, बाबा. आणि गेल्या आठवड्यात तेच माझ्या खिशात राहिलं.

इथं भाताची रोवणी चालू आहे. या दिवसांत ताप म्हटलं की पहिला हात मलेरियाच्या किटकडे जातो, आणि जायलाच हवा. दीड वर्षाचं पोर आलं, अंग नुसतं भाजत होतं. आधी पुजाऱ्याकडे नेलं होतं. मी आता त्यावरून रागवत नाही. रागावलं की पुढच्या वेळी आपल्याकडे येतच नाहीत. बोटातून थेंब घेतला, वीस मिनिटं थांबलो, फाल्सिपेरमची, म्हणजे धोकादायक मलेरियाची, रेघ उमटली. हसू नकोस, पण मला बरंच वाटलं. निदान सापडलं ना! मलेरियाच्या गोळ्यांचं १ ते ४ वर्षांचं पिवळं पाकीट काढलं, तापाचं पॅरासिटामॉल सिरप मोजायला घेतलं. तेवढ्यात आशाताई म्हणाल्या, "सर, लेकरू लाहकते जी."

"तापानं लागते धाप," मी म्हणालो.

त्यांनी वाद घातला नाही. पोर आईच्या मांडीवर शांत होईपर्यंत थांबल्या, झबलं वर केलं आणि पूर्ण मिनिटभर पोटाकडे बघत श्वास मोजत बसल्या. ५२. ताप उतरल्यावर मी स्वतः मोजले, तरी ४८. या वयात मिनिटाला ४० किंवा त्यापुढे श्वास असले की न्यूमोनिया धरायचा, हे मला पाठ आहे रे. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, सगळं पाठ. पण रेघ दिसली आणि मी बघायचं थांबलो. एका पोराला दोन आजार असू शकतात, एवढंच विसरलो.

छाती आत ओढली जात नव्हती, पोर पीत होतं, झटका आला नव्हता. मेडिकल ऑफिसरांना फोन केला आणि पाकिटाबरोबर न्यूमोनियासाठी पाच दिवसांचं अमॉक्सिसिलिनही सुरू केलं.

याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. बंग दांपत्यानं दाईंना श्वास मोजायला शिकवलं होतं. मोठे आकडे येत नाहीत म्हणून मण्यांची पाटी केली: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. हे मी कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं.

पॅरासिटामॉलच्या सिरपचंही सांगतो. बाटल्या दोन येतात, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५०. दहा किलोच्या पोराला १५० मिलिग्रॅम, म्हणजे एकीतून ६ मिली, दुसरीतून ३. घरी मात्र चहाचा चमचा! म्हणून झाकणावर पेनानं रेघ मारून देतो.

तिसऱ्या दिवशी पोर परत आलं. श्वास ३४. मोजताना माझं घड्याळ ओढून तोंडात घातलं.

दिवाळीत येशील तेव्हा सेकंदकाट्याचं एक साधं घड्याळ आण. ताईंचं बंद पडलंय. पैसे मी देईन, त्यांना सांगू नकोस.

तुझाच,
बाळ्या