धोका लाव्हापुरता नाही

आपल्या रविवार पुरवणीतील ज्वालामुखीविषयीच्या लेखात, लाव्हा जिथवर पोहोचतो तिथवरच जीविताला धोका असतो, असे जे विधान आले आहे, ते दिशाभूल करणारे आहे. लाव्हा बहुधा इतका संथ वाहतो की माणसाला जीव वाचवून निघता येते. खरा घात करतात ते राख, विषारी वायू आणि चिखलाचे लोंढे. कोलंबियातील नेवाडो देल रुईझ या ज्वालामुखीचा १३ नोव्हेंबर १९८५ रोजी उद्रेक झाला, तेव्हा शिखरावरील बर्फ वितळून उठलेला लोंढा नदीपात्रातून सुमारे ७० किलोमीटरवरच्या आर्मेरो शहरावर रात्री कोसळला आणि एकूण २३ हजारांच्या आसपास माणसे दगावली. हे शहर धोक्याच्या पट्ट्यात असल्याचे दाखवणारा नकाशा महिनाभर आधीच तयार होता, हे अधिक क्लेशदायक. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकीच्या भेगेतून सुरू झालेला उद्रेक आठ महिने चालला. त्यातील फ्लोरिनने कुरणे विषारी झाली, जनावरे मेली आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या गेली. यात लाव्हाखाली सापडून मेलेले कोण होते?

सह्याद्रीचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकला आहे, याचे नवल वाटले. आमच्या मळ्यातील विहिरीत काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये वीतभर लाल मातीचा पट्टा दिसतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दोन लाव्हाप्रवाहांमधल्या शांत काळात तयार झालेली ती माती पुढच्या प्रवाहाखाली भाजून निघाली आहे. वरील विधानाची दुरुस्ती छापताना अशा एखाद्या विहिरीचे छायाचित्रही द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, वाई (जि. सातारा)