दारू सोडायचीय हे कंपनीत सांगायचं कुणाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो, आता रिटायर झालोय. आमच्या लेथवर एक ऑपरेटर होता, कामात एक नंबर, पण सोमवारी सकाळी मायक्रोमीटर धरला की हात इतका थरथरायचा की रीडिंग घेताच यायचं नाही, चहाचा पहिला घोट तर ग्लास टेबलावरच ठेवून खाली वाकून घ्यायचा. आम्ही सगळे बघत होतो आणि गप्प होतो, मीसुद्धा. कारण गुजरातमध्ये राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी, परमिटशिवाय पिणं हाच गुन्हा, मग साहेबांपुढे जाऊन "मला सोडायचीय" म्हणायचं म्हणजे आपल्याच हाताने कबुली लिहून द्यायची.

दोन दिवसांची किरकोळ रजा (सीएल) टाकून त्याने एकदा घरीच एकदम बंद केली होती. तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागले, अंग घामाने भिजलं, शेवटी घाबरून बायकोनेच कुठूनतरी बाटली आणून दिली. रोज पिणाऱ्याने अशी अचानक सोडली तर फिट येऊ शकते, जीवसुद्धा जाऊ शकतो, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते, हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पुढे गेटवर वास आला, कंपनीची चार्जशीट मिळाली, नोकरी गेली. "भाऊ, तुम्हाला माहीत होतं ना?" असं त्याची बायको मला भर बाजारात म्हणाली, ते अजून डोक्यातून जात नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारा त्रास मानसिक आजारात धरलाय, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही १९९६ मध्येच सांगितलंय की कामाच्या जागी याकडे इतर कुठल्याही आजारासारखंच बघा. मग कावीळ झाली तर रजा आणि याला मात्र थेट चार्जशीट, हे कसं काय?

माझं म्हणणं एवढंच आहे की पकडला जायच्या आधी जो स्वतःहून येऊन सांगेल त्याला उपचारासाठी रजा द्या, नोकरी राहील असं लेखी द्या, आणि ती गोष्ट डॉक्टर आणि एचआरच्या बाहेर जाऊ देऊ नका. परत आल्यावर थोडे दिवस मशीनवर नको, स्टोअरला बसवा. पिऊन मशीनवर उभा राहिला तर कारवाई कराच, त्यात माझं काही दुमत नाही, बोटं जातात तिथे. पण गेटवर "नशा करून येणाऱ्यावर कारवाई होईल" असा बोर्ड असतोच, त्याच्याखाली सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हा नंबर लिहायला किती रंग लागतो?

एक निवृत्त सुपरवायझर,
दांडिया बाजार, बडोदा